झेलीचं फाटक, जुलै

नॉर्मंडीतल्या त्या वळणावर
झेलीनं त्याला फाटकाशी बसू दिलं,
दिवसाला चार सू,
आणि कोंबड्यांना हाकलायचं नाही या अटीवर.

नवव्या दिवशी त्यानं चित्र दाखवलं.
हॉलिहॉक म्हणजे गुलाबी फटकारे,
लार्कस्परचा नुसता निळा धूर,
वाटेवर जांभळं काही सांडलेलं. ती म्हणे सावली.
घेवड्याचा मांडव गायब.
खताचा ढीग तर त्याला दिसलाच नव्हता.
"आणि मी?"
ब्रशच्या उलट्या टोकानं त्यानं दाखवला
एक पांढरा ठिपका.

"जरा मागे सरा."
ती सरली, पार विहिरीपर्यंत.
तेव्हा ठिपक्यानं कमरेवर हात ठेवला,
डावा,
दुखतं तिथंच.

बोलली नाही काही. पुन्हा जवळ गेली.
ओल्या गुलाबीत एक चिलट
पाय झाडत होतं.
"राहू द्या," तो म्हणाला, "सुकेल."

राहू द्या कसं?
नखानं तिनं ते अलगद उचललं,
फुंकर मारली,
नखाचा रंग एप्रनला पुसला
आणि गेली घेवड्याला पाणी घालायला.

हॉलिहॉकात तेवढी जागा उघडी पडली,
खाली कोरं कापड.
त्यानं ब्रश उचलला,
बराच वेळ धरला,
ठेवून दिला.