सव्वाबाराचं ऊन

औलूला हिवाळ्यात सूर्य वर चढत नाही,
क्षितिजावर कोपर टेकून डोकावतो, इतकंच.

मी काचा बसवतो. तीन पदरी काच,
एक तावदान उचलायला चौघं लागतात
आणि एक जण ओरडायला.
ही नवी इमारत लाकडाची. तळाला बेकरी, पाळणाघर,
मधे दंतवैद्य आणि हिशेबनिसांची कचेरी,
वर बिऱ्हाडं.
आणि मागच्या अंगणात, आमच्या सावलीत बुडणार होतं
ताहवोचं बूट दुरुस्तीचं दुकान.

पाइविक्कीनं (नावातच दिवस आहे तिच्या)
पुठ्ठ्याच्या नमुन्यावर विजेरी धरली, अगदी खाली, आठ अंशांवर.
म्हणाली, मधोमध चीर देऊया.
जिना काचेचा, आरपार.
मालकानं बोटं मोडली: दोन फ्लॅट गेले.
एका टाचा ठोकणाऱ्यासाठी?
नाही, ती म्हणाली,
दिवसा जिन्यातला एकही दिवा लावावा लागू नये म्हणून.
विजेच्या बिलाच्या भाषेत सांगितलं,
म्हणून ऐकलं गेलं.

काचेवर बारीक ठिपके होते,
पाखरांना ती हवा वाटू नये म्हणून.
तरी पहिल्याच आठवड्यात एक आपटलं.
पाळणाघरातल्या पोरांनी त्याला लोकरीच्या टोपीत ठेवलं.
उडालं असावं. मी विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या चार तारखेला, सव्वाबाराला,
ऊन जिन्यातून चालत आलं,
पायऱ्यांवर तीनदा मोडलं, अंगण ओलांडलं
आणि ताहवोच्या कामाच्या पाटावर येऊन बसलं.
मी दारात उभा.
वाटलं, म्हातारा आता काहीतरी बोलेल.
बोलला. 'डोळ्यांवर येतंय. सुईचं नेढं दिसत नाही.'
आणि आरी खाली ठेवली.

पाइविक्कीला मी हे अजून सांगितलेलं नाही.

परवा परत गेलो, माझ्याच बुटाचा तळ सुटला होता.
बारा वाजून गेले तसं त्यानं काम आवरलं,
बर्फात भिजलेले लोकांचे बूट
खिडकीच्या फळीवर मांडले, जिभा बाहेर ओढून:
दंतवैद्याचे, बेकरीतल्या मुलीचे,
पाळणाघरातले तळहाताएवढे, लाल.
मग चौदा मिनिटं आम्ही कॉफी प्यायलो.
बूट सुकत होते, चामड्याचा वास सुटला होता,
कुणी काही बोलत नव्हतं.

मालकाचेही होते त्यात. काळे, टाच झिजलेले.
ऊन सरकलं तसे
ताहवोनं ते जरा पुढे सरकवले.