चुकून आलेले पैसे

किसुमूच्या धक्क्यामागे, टपऱ्यांच्या तिसऱ्या रांगेत
पर्पेच्युआ अवुओर तिलापियाचे खवले काढत बसलेली,
आणि फोन वाजतो.

“आई, चुकून तुमच्या नंबरावर
तीन हजार चारशे शिलिंग गेले माझे.
लेकरू दवाखान्यात आहे. परत पाठवा ना.”

आवाज असा गोड, की मुंग्या लागाव्यात.
मेसेजही आलाय, अगदी बँकेच्या थाटात. फक्त
शिल्लक रकमेवर दोन शून्यं जास्तीची.
एवढे पैसे तिच्या सात पिढ्यांत कुणी मोजले नाहीत.

“थांब रे बाबा, हात मासळीचे आहेत.”
आणि तो थांबतो.
एक मासा. दुसरा मासा. गिऱ्हाईक. सुट्ट्यांवरून भांडण.
फोन फळीवर, स्पीकर चालू,
अख्खी रांग कान देऊन.
पलीकडे लोखंडी दार आपटतं, शिट्टी होते,
कुणीतरी ओरडून नंबर पुकारतं.
“जेवलास का?” ती विचारते.
“आज पण घेवडाच,” तो बोलून जातो,
आणि जीभ चावावी तसा फोन कट.

रांगभर हशा. कढईत मासे तडतडतात.
ती नंबर जतन करते: चुकून सतरा.
(सोळा लॉटरीवाला होता. नऊ, पाद्री.)

हा हशा आटला गेल्या मोसमात.
जेद्दाहून रोझलिडा. मालकिणीनं फोन काढून घेतलेला,
ड्रायव्हरचा मागून आणलेला, कुणाच्या ओळखीचा नाही असा नंबर.
“आई, मी बोलतेय, थोडे पैसे...”
आईनं तीनदा कापला.
चौथ्यांदा शिवी दिली,
जी मासे चोरणाऱ्या मांजरालाही ती देत नाही.
कोण होतं, ते कळायला एकोणीस दिवस गेले.

आता दोघींत एक प्रश्न ठरलाय.
कुठे लिहून ठेवलेला नाही.
आधी तो. खुशाली नंतर.

अनोळखी नंबर. ओल्या बोटांनी फोन कानाशी.
“कुठला मासा खात नाहीस?”
तिकडे एसीची घरघर, दाबलेला श्वास.
“मांगूर.”
“का?”
“मिशा असतात त्याला. बाबांसारख्या.”

मग कुठे पर्पेच्युआ सुरी खाली ठेवते,
हात कमरेच्या फडक्याला पुसते, सावकाश, दोन्ही बाजूंनी,
आणि म्हणते, बोल.