पेटी दुसरी

मार्केट यार्डातून मगदूमांनी पेटी आणली
स्कूटरवर, दोन पायांत धरून.
झाकण काढलं तर आत मुंग्या.
पंख्यावर गुळाची धूळ बसून काळी साय,
मदरबोर्डवरचे चार कॅपॅसिटर टम्म,
उतू जायच्या बेतात.

"सौदे परवापास्नं," आदगोंडा म्हणाले,
"पेटी कसलीबी घाला,
तोलाईचा प्रोग्राम ह्योच पायजे.
कुबेर हेरवाडेनं लिवलेला.
त्यो आता मस्कतात, फोन उचलत न्हाई."
सीडी असेल ना?
"कसली सीडी?"

म्हणजे आहे तसंच उचलायचं.
घर बदलायचं,
आतल्यांची झोप मोडू द्यायची नाही.

रात्री राजारामपुरीत शटर अर्धं ओढून
आधी डिस्कची नक्कल काढून ठेवली. साडेतीन तास.
बाहेर वडेवाला कढई घासत होता.
मग मूळची डिस्क नव्या पेटीत, चार स्क्रू, बटण.
चिन्ह उमटलं, दोन दम घेतले,
आणि निळा पडदा.
पुन्हा निळा.

ती अंधारात जुन्याच जागी कडी चाचपत होती,
दार आता पलीकडच्या भिंतीत.

बायोसमध्ये शिरले.
नव्या कंट्रोलरला म्हटलं, जुन्या बोलीत बोल,
शिकून आलेलं पोर गावी चावडीवर बोलतं तसं.
पावणेदोनला ती उठली.
तोच हिरवा डोंगर, तीच कोपऱ्यातली फाइल,
'उधारी नवीन खरी'.

लपलेली उपकरणं दाखव म्हटलं,
तर राखाडी अक्षरांत अख्खी हजेरी:
डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, मोडेम, एक वेबकॅम,
सुजाता नावाचा पेनड्राइव्ह.
यातलं काहीच आता कुठं नाही.
एकेक खोडत गेले.
पेनड्राइव्ह राहू दिला. का, विचारू नका.

काट्याची वायर नऊ पिनांची,
नव्या पेटीला तसलं भोकच नाही.
कन्व्हर्टर लावला, त्याला मिळाला पोर्ट पाच.
कुबेरचा प्रोग्राम एकशिवाय कुणाला ओळखत नाही.
पाचाला सांगितलं, आजपासून तुझं नाव एक.

सकाळी यार्डात हमालानं रवा काट्यावर ठेवला.
शून्य.
शून्य.
एकोणतीस किलो आठशे.
मगदूमांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.
बिल निघालं,
त्यावर दुकानाचा सहा आकडी फोन अजून तसाच.

तेवढ्यात खाली कोपऱ्यात पाटी:
ही प्रत अस्सल नसण्याची शक्यता आहे.
मी फोन कानाला लावला,
पलीकडची बाई आकडे मागत राहिली,
सहा-सहाचे गठ्ठे, मी वाचत राहिले.

नव्या पेटीच्या चकचकीत कडेवरून
एक मुंगी निघाली होती,
डिस्कच्या पट्टीत बसून आली असणार.
पुसायला फडकं उचललं,
तर आदगोंडांनी हात आडवा धरला.

"ऱ्हाऊ दे. मुंगी लागली न्हवं?
मग माल अस्सल."