एक जून

भूमच्या शाळेनं त्या एकतीस मेला
आपल्या पाच जुन्या पोरांचा सत्कार ठेवला.
पाचही त्याच दिवशी रिटायर.
पाच नारळ, पाच शाली, एकच फ्लेक्स.
बाहेरगावचा साहेब म्हणाला, काय योगायोग!
मांडवात कुणी बोललं नाही,
निम्म्या मांडवाचा वाढदिवस उद्याच होता.

सगळं मुंजाजी गुरुजींच्या हातचं.
आया सांगायच्या, विहिरीत रेडा पडला त्या साली,
नाहीतर, हुरडा आला होता बघा.
गुरुजी ऐकून घ्यायचे,
उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे.
लागला की टाक दौतीत: एक जून.
लांब हाताची पोरं वर्षभर आधी शहाणी झाली.

माझीही तारीख तीच. विज्ञान शिकवते इथंच.
रात्री पेढ्यांचे कागद झाडून झाल्यावर
शाळेची दुर्बीण गच्चीवर नेली.
पश्चिमेला उतरत चाललेलं पुष्य,
त्यातलं ते मोहोळ:
नुसत्या डोळ्याला धुरकट डाग,
काचेत आलं की माशी न् माशी वेगळी.

गुणवंत कंडक्टर, तिसरा नारळ, म्हणाला,
"ह्यांच्या तारखा कुणी लिवल्या?"

इथं उलटं झालंय, मी म्हटलं.
हे खरंच एका ढगातले, एका वेळचे,
साठ-सत्तर कोटी वर्षांमागचे.
तरी कागदावर मांडायला गेलं,
उजेड उभा, रंग आडवा,
तर थोरली मंडळी एका ओळीत येत नाहीत.
वळण हवं तिथं पसारा.
कुणी कोवळं, कुणी उतरलेलं.
वाटावं, ढगाची बाळंतपणं दोन-तीनदा झाली.

झालं एकदाच.
फरक गिरकीचा.
जोरात फिरणारा तारा कमरेत सुटतो,
कंबर निवते, मंदावते,
टाळू तापून निळी होते.
तो आपल्याकडे टाळू करून उभा की कंबर,
त्यावरून आपण त्याचं वय धरतो.
शिवाय घुसळण. फिरता फिरता
वरचं सरपण आत उतरतं,
चूल जास्त दिवस चालते.
संथ असतो तो लवकर पिकतो.

गुणवंतचा डोळा काचेवरून निघेना.
शेजारी दस्तगीर, आयटीआयचा, चौथा नारळ.
ह्या दोघांना अनसा सुईणीनं एकाच रात्री
गल्लीच्या दोन टोकांना, एकाच कंदिलात उपजवलं.
पाचांत खरी जुळणारी तारीख एवढीच,
आणि ती जूनमधली नव्हे. थंडी होती म्हणतात.
दस्तगीरचे केस काळेभोर.
गुणवंतचे वरचे दात गेलेले.

"मॅडम, तुमचं गणित चुकलं," गुणवंत म्हणाला,
"भूम-बार्शी, बार्शी-भूम, एकतीस वर्सं फिरलो मी,
आन तरणा ह्यो?"

मला उत्तर सुचलं नाही.
दस्तगीरनं तंबाखू मळली, चुना झटकला.
"तू कुठं फिरलास? तू जाऊन आलास.
फिरत हुतं माझं लेथ."
मग जरा थांबून,
"आन हितं अंधारात काय बगायलास मला,
सकाळी घरी ये. गुडघ्याकडून बघ."

अकराच्या सुमाराला मोहोळ बालाघाटाआड गेलं.
तरी कुणी उठलं नाही.
बरोबर बाराला सगळ्यांचे खिसे एकदम थरथरले,
बँकेकडून जन्मदिनाच्या शुभेच्छा.
खाली गल्लीतही, ओट्यावर, बाजेवर, टपरीपाशी
इथं एक, तिथं दोन, असे चेहरे उजळले.

गुणवंतनं फोन शालीत गुंडाळला,
उजवा हात उचलला, डोक्यावरून नेला,
खांदा कटकन वाजला.
बोटं टाळूच्या पलीकडे जाईनात.
"लागंना," तो म्हणाला.
"मग घेत न्हाईत तुला यंदा," दस्तगीर म्हणाला.