जागा

दूध तापवताना मी जे गुणगुणतो ते माझं नसतं.
स्वतःचं गाणं ओठांवर आलं की
मात्रा मोजायची खोड आहे,
आणि दूध उतू जातं.

येतं ते त्या कॅसेटमधलं.
नलू पाठारे, भावगीतं, दुसरी बाजू.
कव्हरवर निळा पडदा, तिचे जरा जास्तच मोठे कानातले,
किंमत अठ्ठावीस, बॉलपेनने खोडून बारा.
फोर्टातल्या फुटपाथवर घेतली, सेकंडहँड.
तिथे आता चष्म्याच्या फ्रेमा मिळतात.

तिसऱ्या गाण्याआधी ती खोकते.
लहानसं, पदराआडचं.
कुणी कापलं नाही.
स्टुडिओचे तास संपत आले असतील,
बाहेर पुढची पार्टी चहा पीत असेल.
मला तो खोकला पाठ आहे.
त्याच्यामागून येणारा षड्ज
नुसता आला असता तर मी ओळखला नसता.

परवा घाटकोपरला कुणीतरी विचारलं,
आवडते आल्बम सांगा, दहा.
मी सांगितले. वजनदार.
घरी येताना वाटलं,
आवडीचं जेवण विचारलं तर पंगतीतली पक्वान्नं मोजली
आणि वरणभात सांगायचाच राहिला.

त्याच गाण्यात, दुसऱ्या अंतऱ्यात,
फीत तुटलेली.
आधीच्या मालकाने सेलोटेप लावलेली,
सेलोटेपखाली त्याच्या अंगठ्याचा ठसा.
चार बोटं फीत गेलीय, म्हणजे दीड सेकंद.
“अंगणात ठेविला मी” —
टक् —
“तुझ्या नावाचा.”

काय ठेविला?
बावीस वर्षं मी तिथे काय काय ठेवलं.
कंदील. तांब्या. पाट.
बाबा गेले त्या वर्षी, रिकामा झोपाळा.
एकदा, मीनलशी चार दिवस बोलत नव्हतो तेव्हा,
नुसता राग.
माझी निम्मी गाणी त्या दीड सेकंदात लिहिलीत मी,
कन्नमवार नगरात, तीनशे चौरस फुटांत,
शेजारच्या मिक्सरच्या वरच्या पट्टीत.

मागच्या महिन्यात सायमन मिस्किटाने
पूर्ण गाणं पाठवलं, मोबाइलवर.
सायमन ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवतो,
त्याला कुठून काय मिळेल सांगता येत नाही.
मी गॅस बंद केला. खुर्चीत बसलो. ऐकलं.

दिवा.

दिवा ठेविला होता.
बरोबरच आहे की.
मीही दिवाच लिहिला असता,
संगीतकार घाईत असता तर नक्कीच.
पुन्हा ऐकलं नाही.
सायमनला अंगठा पाठवला.

शनिवारी मुलुंडला कार्यक्रम.
श्रावस्ती कांबळे माझं गाणं गात होती,
नवीन पोरगी, तळहातावर पेनाने ओळी लिहिलेल्या,
घामाने त्या विरघळलेल्या.
दुसऱ्या अंतऱ्यात तिचा शब्द गेला.
मी विंगेत. पोटात खड्डा.
तो शब्द मी तीन आठवडे घासला होता,
चार पर्याय मारून तो एक ठेवला होता.

सायमनने भाता ओढून सूर धरला.
तबलेवाल्याने वर पाहिलं.
आणि तिने, शब्दाच्या जागी नुसता आकार लावून,
मध्यमावरून गंधारावर
अशी उतरली,
जिना ओळखीचा असला की अंधारात उतरतात तशी.
तिसऱ्या रांगेतला टोपीवाला म्हणाला, “हाय.”
माझ्या शब्दाला आजवर कुणी हाय म्हटलं नव्हतं.

मध्यंतरात ती वडा हातात घेऊन आली, न खाता.
“सॉरी सर. शब्दच गेला.”
मी म्हटलं, “जाऊ दे.
तिथली जागा चांगली आहे.”
तिला वाटलं मी टोमणा मारतोय.
तिच्या गळ्यातली ती जागा मला म्हणायची होती.
पण या शहरात जागा म्हटलं की
माणूस आधी डिपॉझिट विचारतो.

रात्री वही काढली. तो शब्द खोडला.
मग खोडलेल्याखाली टिंबं दिली,
मुद्रितशोधक देतात तशी: राहू द्या.
मग टिंबंही खोडली.
मीनल म्हणाली, “दिवा मालव आता.”
मला हसू आलं, तिला का ते कळेना.

सकाळी दूध.
मी खोकलो, लहानसं,
आणि वाट पाहिली.