जमेची बाजू

सियागंजातले बाकलीवाल शेठ
फाटकाबाहेरूनच विचारतात,
"क्यों मोघे भिया, इस बार कितने बचे?"
मी म्हणतो, पाच.
"अरे पिल्ले नहीं, पैसे!"

एकतीस वर्षं वीज मंडळात मीटरं वाचली मी.
खोटा आकडा लिहायची हाताला सवय नाही.
म्हणून मंडळाच्याच जुन्या डायरीत
शेवंतीचं खातं मांडलंय.
आखूड पायांची, लांब पाठीची, तांबडी.
सोफ्याखाली अख्खी मावते,
शेपूट तेवढं बाहेर राहतं.

जोडीसाठी उज्जैनला दोन फेऱ्या.
पहिल्या फेरीत नवरदेव झोपून राहिले.
पेट्रोल लिहिलं, सोनोग्राफी लिहिली,
शेळीचं दूध लिहिलं.

मग ती रात्र. कळा थांबल्या.
राऊच्या पुढे रस्त्यावर काळं कुत्रं नव्हतं,
आणि मागच्या सीटवर एक तांबडं,
नलूच्या मांडीत धापा टाकत.
महूच्या डॉक्टरांनी टाके घातले,
पावती दिली: नऊ हजार चारशे.
सात निघाली.
दोन निपचित होती, नलूनं टॉवेलानं चोळचोळ चोळली.
एक रडलं.
एक नाही.
तिसऱ्या दिवशी आणखी एक
दूध प्यायचंच विसरलं.
टॉवेल कोरे होते, अहेरातले.
ते कुठल्या रकान्यात टाकू, कळेना.

जावई म्हणाले, बाबा, स्वतःचे तास धरा.
धरले त्यांनीच, मोबाइलवर,
नुसत्या मजुरीच्या दरानं.
तर निघालं असं, की पिल्लू विकताना मी
गिऱ्हाइकाला वर चार हजार देऊन राहिलोय.
मी हसलो. जावई हसले नाहीत.
दर दोन तासांनी उठून ड्रॉपर धरायचा,
तेव्हा घड्याळ मी बघायचो,
पण ते पुढच्या पाळीसाठी.

एकानं फोनवर विचारलं,
दिवाळीची भेट म्हणून पॅक करून द्याल का?
ठेवला फोन.
बावीस हजारांचा फोन.
नलू म्हणाली, लिहा तोही.

शेठचा धाकटा, संयम, वही घेऊन आला.
"अंकल, इसमें मार्जिन कितना है?"
मी डायरीच पुढे केली.
पिढीजात व्यापाऱ्याचं पोर,
दोन तास बसलं, चहा गार झाला.
प्रत्येक पानाखाली बेरीज,
बेरजेच्या आधी उण्याची आडवी रेघ.
शेवटी वही मिटून म्हणाला,
"तो फिर आप करते क्यों हो?"
शेवंती त्याच्या बुटाची लेस सोडवत होती.
मी म्हटलं, आधी पाय सोडव बाबा.

सहा महिन्यांत त्यानं दुकान काढलं, अन्नपूर्णा रोडला:
खाणं, पट्टे, शॅम्पू, कुत्र्यांचे रेनकोट.
दोन गल्ले आहेत आता.
पोतं मी त्याच्याकडूनच घेतो.
दोन टक्के सूट, उधारी नाही.
कुत्र्यांत पैसा नाही असं कोण म्हणतो?
आहे.
आमच्या दारावरून रोज जातो,
थांबत नाही इतकंच.

गेल्या आठवड्यात देवासची मंडळी आली.
बदली झाली, नवीन सोसायटीत चालत नाही.
पावतीमागे मीच लिहून दिलं होतं:
नकोसं झालं तर इथे आणा, रस्त्यावर सोडू नका.
अकरा महिन्यांचं झालेलं, जरा सुटलेलं,
नाव बदललेलं, डोळे तेच.
कुणी मागितले नव्हते, तरी निम्मे पैसे दिले.
नलू आतून बघत होती, बोलली नाही.

तो सरळ सोफ्याखाली घुसला.
शेवंती गुरगुरली, मग हुंगलं तिनं.
ओळखलं का, देव जाणे.
सरकून जागा मात्र दिली.

रात्री डायरी काढली.
नावे: अकरा हजार.
जमेला पेन थबकलं थोडं.
सोफ्याखालून दोन शेपट्या,
एक हलतंय, एक झोपलंय.
लिहिलं,
जमा: एक.