सलगमाच्या मापाने

सहा तास जाळं, सहा तास झोप,
आणि झोपेतला एक तास आता सुयांचा.
केतिल म्हणतो, सूत इतकं आवळू नकोस ह्याल्ती,
जहाज बांधत नाहीयेस तू धक्क्याला.
त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं विंचने अर्धीच ठेवलीत,
तरी टाके सुईवरून असे सरकतात
जशा मेंढ्या फाटकातून, एकीमागे एक.
माझ्या मेंढ्या मागे फिरतात, उड्या मारतात,
एखादी घसरते
आणि चार ओळी खाली सापडते.

एक सुलट, एक उलट,
एक सुलट, आणि जहाज कलतं.
गुंडा टेबलाखालून थेट शेगडीपर्यंत.
केतिल त्याला बुटाने अडवतो, कांदे परतत राहतो.

लोकर सोलरूनने दिलीय, रंग न दिलेली,
काळपट तपकिरी मेंढीची. हुंगली तर ओला गोठा,
थोडा आमच्या दारामागे टांगलेला कोट.
टोपडं तेवढं कर, म्हणाली, बाकीचं मी बघते.
धक्क्यावर आली नाही. निसरडं होतं, दिवस भरत आलेले.
खिडकीतला दिवा दोनदा मालवला, दोनदा लावला.

टोपडं. पण केवढं?
जेवताना विचारलं, नव्या बाळाचं डोकं केवढं असतं?
इंजिनवरचा ओद्दुर म्हणाला, एवढं, आणि हात जवळ आणले.
कप्तान म्हणाला, छे, एवढं.
कुणीतरी म्हणालं, हँडबॉल.
मग हिशेब निघाला. आम्ही बारा जण, मिळून एकोणीस लेकरं,
आणि जन्मल्या दिवशी त्यांतलं एकही
कुणी हातात घेतलेलं नव्हतं.
एक झालं ग्रीनलंडच्या बाजूला असताना, एक वादळात,
ओद्दुरची तिन्ही ऐन हंगामात.
मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
आम्हाला दिसतात तोवर ते चालायला लागलेले असतात.
टेबलावर मीठ इकडून तिकडे गेलं, तिकडून इकडे आलं.
केतिल उठला, कोठारातून एक सलगम आणलं.
हे धर.

तर सलगमाच्या मापाने विणतोय.
रोज चढवून बघतो. कुणीतरी पेनाने त्याला डोळे काढलेत.
उरलेल्या लोकरीची मेंढी करायला घेतली,
पाय मागे गेले, मान पोटात शिरली.
सील बरा जमलाय, ओद्दुर म्हणाला.
मी मान डोलावली. सील तर सील.

बावीस तारखेला, जाळं वर येत असताना,
कप्तानाने भोंगा वाजवला आणि वरून ओरडला:
मुलगी. तीन किलो चारशे. दोघी बऱ्या आहेत.

तीन किलो चारशे म्हणजे केवढं,
हे मात्र आम्हाला काढता येत होतं.
केतिलने ढिगातून एक कॉड निवडला, काट्यावर टाकला.
तीन-तीनशे. बाजूला.
तीन-सहाशे. बाजूला.
चौथ्याला काटा बरोबर थांबला.
त्याने तो एप्रनला पुसला
आणि माझ्या हातांवर ठेवला,
कोपराच्या वाकणात डोकं येईल असा.
वाटलं होतं त्याहून जड.
मग ओद्दुरने मागितला. मग कप्तान खाली उतरला.
एकेक जण, रबरी हातमोजे काढून,
त्या थंडीत उघड्या हातांनी,
थोडा वेळ.
कुणी हसलं नाही. दिव्यांपुढून बर्फ आडवा जात होता.
नंतर त्याच्यावर सुरी कुणी धरेना.
शेवटी केतिलने धरली. काम होतं.

दाल्विक अजून आठ दिवस लांब.
टोपडं उसवलंय मी. सलगम मोठं होतं बहुतेक,
किंवा लहान, कोण सांगणार.
रात्रीच्या रश्शात ते होतं का, हेही विचारलं नाही.
पुन्हा साठ टाके घेतो.
उसवलेलं सूत कुरळं झालंय, जुने टाके धरून बसलंय,
ओढलं तरी सरळ होत नाही.
राहू दे, केतिल म्हणतो, धुतल्यावर बसेल.
सील उशाशी पडलाय.
त्याला डोळे लावायचे राहिलेत.